कराचीतली टाचणी

नववीच्या राज्यशास्त्रातलं शेवटचं प्रकरण 'आंतरराष्ट्रीय समस्या'. मानवी हक्क, पर्यावरण, दहशतवाद आणि निर्वासित. हे शिकवेपर्यंत जानेवारी संपत आलेला असतो. गॅदरिंगचा शीण उतरलेला नसतो, दहावीच्या सराव परीक्षांपायी निम्मे तास बुडतात, आणि आमच्याकडे तेव्हा उसाचा हंगाम भरात असतो. घरचा ऊस तुटायला लागला की पोरं शाळेकडं फिरकत नाहीत. इतकी वर्षं मी हा निर्वासितांचा भाग एका तासात उरकत आले. व्याख्या फळ्यावर, खाली तीन कारणं, 'हे दोन मार्कांना येतं' म्हणायचं आणि पुस्तक मिटायचं.

२०२४-२५ च्या वर्षी तो महिनाभर चालला. सुरुवात माझ्या चुकीनं झाली, ती आधी सांगते.

कुठल्याशा प्रशिक्षणात आम्हाला एक 'कृती' दिली होती. मुलांना सांगायचं, दहा मिनिटांत घर सोडायचंय, परत कधी येणार ठाऊक नाही, एका पिशवीत मावतील अशा दहा वस्तू लिहा. मग त्या यादीवर चर्चा घ्यायची. मला ती कृती भारी वाटली होती. फळ्यावर घड्याळ काढून मी वर्गाला कामाला लावलं.

पोरं खूश. मोबाइल, चार्जर, बॅट, फेअरनेस क्रीम. एकानं 'आई' लिहिलं, त्यावर हशा झाला. मी बाकांमधून फिरत होते. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरच्या मुलाची यादी अशी होती: रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, पासबुक, आजीच्या बीपीच्या गोळ्या, बॅटरी, काडेपेटी (प्लास्टिकमध्ये गुंडाळून), विळा. सातच.

"अजून तीन राहिल्या की रे," मी म्हटलं.

"बास झाल्या, मॅडम. बोटीत जास्त घेऊ देत न्हाईत."

"आणि विळा कशाला?"

"दावं भिजलं की गाठ सुटत न्हाई. म्हशी सोडायला. बाबांनी कापली दावी. एक म्हस तिसऱ्या दिवशी घावली. एक न्हाईच."

तो हे काही विशेष सांगतोय असं सांगत नव्हता. पाढा म्हणावा तसं म्हणाला.

आमचं गाव पंचगंगेकाठचं. पण मी मूळची गडहिंग्लजकडची, संस्थेच्या तिकडच्या शाळेतून २०२२ साली बदलून इथं आलेली. महापूर मी टीव्हीवर बघितलेला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि जुलै २०२१ मध्ये त्याहूनही चढलं. ही मुलं पहिल्या पुरात चौथीत होती, दुसऱ्या पुरात सहावीत. मी विचारलं, घर सोडून कोण कोण गेलं होतं? एक्केचाळिसातले एकोणतीस हात वर झाले. काहींनी दोन बोटं वर केली होती, म्हणजे दोनदा.

त्या एकोणतीस जणांना मी घर सोडायचा खेळ खेळायला लावला होता. कृतीचा कागद फाइलीत गेला, परत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी संपायच्या आत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आम्ही निर्वासित हुतो काय?"

पुस्तकातली व्याख्या पहिल्यांदाच कामाला आली. १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो तो निर्वासित म्हणजे आपल्या देशाबाहेर असलेला माणूस, ज्याला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट गटातलं असणं यापायी छळाची रास्त भीती आहे आणि म्हणून जो परत जाऊ शकत नाही. मी म्हटलं, तुम्ही देश ओलांडला नाही, तुमचा कुणी छळ केला नाही, पाणी उतरल्यावर घरी आलात. तुम्ही पूरग्रस्त.

"पाणी उतरल्यावर घरी आलात, पण घर कुठं हुतं?" मागून कुणीतरी.

मग आम्ही फळ्यावर शब्दच गोळा केले. मुलांनीच सांगितले: पूरग्रस्त, धरणग्रस्त, विस्थापित, स्थलांतरित, परगावचा, पाव्हणा, उपरा. आमच्या भागात 'स्थलांतर' हा शब्द भूगोलाचा नाहीच. तो ग्रामपंचायतीच्या भोंग्यातून येतो: 'नदीकाठच्या नागरिकांनी तात्काळ सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे.' मुलांच्या लेखी स्थलांतर म्हणजे जनावरं ट्रॅक्टरमध्ये भरणं. मी त्यांना आणखी एक गंमत दाखवली. हिंदीत शरणार्थी म्हणतात, म्हणजे तो आपल्याकडं काय मागतोय ते सांगणारा शब्द. मराठीतला निर्वासित सांगतो की त्याला कुठूनतरी घालवून दिलंय. एकच माणूस, पण एका भाषेनं त्याला दारात उभा केलेला बघितला, दुसरीनं त्याच्या मागचं बंद झालेलं दार बघितलं. मुलांना ही गंमत फारशी भावली नाही. मला अजून भावते.

हे सगळं लांबचं वाटू नये म्हणून मी वळिवड्याकडं वळले. कोल्हापूरच्या पोरांना सीरिया कशाला, आपल्या उंबऱ्यातच दोनदा छावणी बसलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका आणि मुलं जास्त. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. खर्च लंडनमध्ये बसलेलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं. हे कळल्यावर मुख्याध्यापक जरा सैल झाले. तोवर त्यांचा विरोध होता, आणि त्यांचंही बरोबर होतं. एका पालकाचा त्यांना फोन आला होता, की हे बांगलादेशी, रोहिंग्या असलं पोरांच्या डोक्यात कशाला भरताय. सर मला म्हणाले, "बाई, पोर्शन पुरा करा आणि मोकळ्या व्हा." मी त्यांच्यापुढं ऑगस्ट २०२४ ची बातमी ठेवली. पंतप्रधान पोलंडला गेले तेव्हा वॉर्सामधल्या कोल्हापूर स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली होती. सरांनी बातमी दोनदा वाचली. "वॉर्सात कोल्हापूर?" म्हणाले, आणि सहलीच्या अर्जावर सही केली. फोन केलेल्या पालकांना मी स्वतः भेटून आले. समजूत पटली असं नाही, पण मुलाला त्यांनी अडवलं नाही.

तर नकाशा. जगाचा जुना नकाशा प्रयोगशाळेतल्या थर्माकोलवर ताणून बसवला, टाचण्या आणल्या, शिवणाच्या मावशींकडून लाल आणि निळा दोरा. लाल दोरा पोलिश लोकांचा. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया पोलंडमध्ये घुसले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून सैबेरियाला आणि कझाकस्तानला धाडली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, आणि कालचे कैदी रशियाला एकदम मित्र झाले. त्यांना सोडण्यात आलं. जगलेले ते दक्षिणेकडं उझबेकिस्तानात उतरले, १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणला आले, तिथून कराची, कराचीहून पुढं आपल्याकडं. एक मोठा गट जामनगरजवळ बालाचडीला गेला, तिथं नवानगर संस्थानच्या राजांनी, जामसाहेबांनी, पोलिश मुलांना ठेवून घेतलं होतं.

दोरा सैबेरियापर्यंत वर जाऊन पुन्हा खाली येईतो रीळ निम्मं संपलं. नकाशापुढं बाकावर चढलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, ही माणसं वाट चुकल्यागत फिरल्यात." मोजपट्टीनं अंतर काढायला दिलं होतं, ते कुणाचंच दुसऱ्याशी जुळलं नाही. ते तसंच सोडलं.

निळा दोरा सिंधी लोकांचा. १९४८ मध्ये पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं वसवली गेली. तेच आजचं गांधीनगर. माझ्या वर्गातल्या प्रत्येकानं गांधीनगर बघितलेलं, कारण लग्नाचा बस्ता बांधायला सगळा जिल्हा तिथं जातो. निर्वासितांची वसाहत म्हणून मात्र एकालाही ठाऊक नव्हतं. निळा दोरा सिंधमधून निघाला तो कराचीला. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाल्यावर तिथले हिंदू बोटी भरभरून मुंबईला आले.

टाचणी लावायला गेलेली मुलगी थांबली. "हितं आधीच टाचणी हाय."

लाल दोऱ्याची. दोन्ही दोरे कराचीच्या एकाच टाचणीवरून जात होते आणि एकाच टाचणीवर, वळिवड्याला, संपत होते. मी हे ठरवून केलं नव्हतं. दहा वर्षं हे दोन्ही भाग मी शिकवतेय, आणि मला ते दिसलं नव्हतं. वर्गात थोडा गलका झाला. मग पहिला नेमका प्रश्न आला, "पोलिश लोक लढाई संपल्यावर घरी का गेले न्हाईत?"

कारण घर असलेला भाग युद्धानंतर पोलंडमध्ये राहिला नव्हता, तो सोव्हिएत संघात गेला होता. काही पोलंडला परतले, पण बरेचजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. सिंध तर अख्खाच पाकिस्तानात गेला. पंजाबचे, बंगालचे निदान दोन तुकडे झाले, आपल्या बाजूला त्या नावाचा प्रांत उरला. सिंधी माणसाला तेवढंही नाही.

"म्हंजे माणसं जागेवरच हुती, रेघ सरकली," खिडकीकडचा, विळावाला म्हणाला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही केएमटीच्या बसनं गांधीनगरला गेलो. बावीस मुलं, दोन शिक्षक. एका सिंधी व्यापाऱ्यांच्या घरी त्यांच्या आईशी बोलायचं ठरलं होतं. वय त्र्याऐंशी. आदल्या दिवशी मुलांनी प्रश्न लिहून आणले होते आणि ते वाचून मला घाम फुटला होता. 'तुम्हाला किती दुःख झालं?' 'त्या दिवसाची आठवण आल्यावर काय वाटतं?' टीव्हीवाले पुरात ह्यांनाच असले प्रश्न विचारून गेले होते, तेच ह्यांनी शिकून घेतलेले. मी विचारलं, तुम्हाला पुरात कुणी असं विचारल्यावर काय वाटलं होतं? एकजण म्हणाला, "राग आलता." सगळे प्रश्न खोडले. नवे केले: काय खात होता, पैसे कुठून यायचे, शाळा कुठली, मराठी कुणी शिकवलं.

घरात गेल्याबरोबर ताटलीत भाजलेले पापड आले आणि स्टीलच्या पेल्यांत पाणी. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. पाण्याबरोबर पापड? आजी हसल्या. सिंध्याच्या घरी पाव्हण्याला पापड-पाणी आधी, मग बाकीचं. उन्हातनं आलेल्याला मीठ लागतं, म्हणाल्या.

आजींचं मराठी अस्सल कोल्हापुरी. सहा वर्षांच्या असताना त्या कराचीतून बोटीनं मुंबईला, तिथून कल्याणच्या छावणीत आणि मग इथं आल्या. बोटीचं त्यांना एवढंच आठवतं की एका बाईचं गाठोडं समुद्रात पडलं आणि ती मुंबई येईस्तोवर कुणाशी बोलली नाही. बराकीत एका खोलीचे दोन भाग, मधे आईच्या साडीचा पडदा. वडील कापडाचा गठ्ठा खांद्यावर टाकून आठवडी बाजार करायचे. वडगाव, हातकणंगले, जयसिंगपूर. आई पापड लाटायची. लाटलेले वाळवायला जागा नाही, म्हणून रुळांच्या कडेला चादर अंथरायची आणि आजींनी राखण बसायचं.

"तुमच्या आधी तिथं पोलिश लोक होते, ते माहीत होतं का?"

"गोरे होते म्हणून ऐकलेलं. आम्हा पोरांत म्हणायचे, मडमेचं भूत हाय बराकीत. रात्री बाहेर जायचं झालं की आम्ही सिंधीत नाही, मराठीत ओरडायचो. मडमेला मराठी कळत असंल असं वाटायचं."

पोरं खदखदून हसली. मग एका मुलीनं वहीतला प्रश्न वाचला, त्यात 'निर्वासित' शब्द होता. आजींनी हात वर केला.

"तो शब्द नको, बाळ. त्या शब्दाला रेशन मिळायचं, म्हणून कागदावर लिहून घेतला. माझे वडील म्हणायचे, आपण पुरुषार्थी. कुणी शाळेत निर्वासित म्हटलं तर मी मारून यायची."

"कुणाला मारलं?" हे विचारणारा तोच, आदल्या दिवशी दुःखाचं लिहून आणणारा.

आजींनी एका मुलाचं नाव सांगितलं, मग म्हणाल्या, "त्याच्याच नातवाच्या लग्नाचा बस्ता आमच्या दुकानातनं गेला."

बसमध्ये मला वाटत होतं, छान झालं, विषय मार्गी लागला. पण एक गोष्ट मी या सगळ्यात बघितलेलीच नव्हती, आणि ती शेवटच्या बाकावर बसली होती.

नोव्हेंबरपासून वर्गात एक मुलगी येत होती. बीडकडच्या ऊसतोड टोळीतली. आठवीपर्यंतच्या पोरांना शिक्षणहक्क कायद्याचा आधार आहे. नववीला तो नाही, त्यामुळे हजेरीपटावर नाव नाही, सरांनी नुसतं बसायला परवानगी दिलेली. आईबाप मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचं. टोळीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, गावाबाहेर माळावर. ही पहाटे धाकट्या भावंडांचं आवरून, जमेल तेव्हा अकराला शाळेत. मुलं तिला 'ए बीड' म्हणायची. मीही दोनदा म्हटलं असेन, हे लिहिताना लाज वाटते, पण म्हटलंय.

आम्ही फळ्यावरचे शब्द पुन्हा घेतले होते, कोण कशात बसतं ते ठरवायला. तिबेटी कशात, १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेले सुमारे एक कोटी लोक कशात. एका मुलानं आजोबांच्या ट्रंकेतून तेव्हाचं एक पत्र आणलं होतं, त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट, निर्वासितांच्या मदतीसाठीचं. आत मजकूर म्हणजे म्हैस व्यायली आणि काकांना पुण्यात नोकरी लागली. त्याचं म्हणणं, आमच्या आजोबांनी बी मदत केली, त्यास्नी ठाऊक नसंल तरी. भारतानं १९५१ च्या करारावर सहीच केलेली नाही हे सांगितल्यावर यावर चांगली जुंपली. सही नाही तरी एवढ्यांना घेतलं हा मोठेपणा, एक बाजू. सही नाही म्हणजे कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही ते आपल्या मर्जीवर, दुसरी बाजू. मी मध्ये पडले नाही. पुस्तकात याचं उत्तर नाही आणि माझ्याकडंही पक्कं नाही.

त्या गलक्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला. "अन् आमी कशात?"

पहिल्यांदाच बोलली होती वर्गात.

मी म्हटलं, "हंगामी स्थलांतरित." पुस्तकी उत्तर, पण दुसरं काय म्हणणार.

"आमाला टोळी म्हणतेत," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. एका मुलीनं विचारलं, "तुमच्या कोपीत लाइट हाय?" नाही. "पाऊस आला तर?" येत नाही या दिवसांत, आला तर कागद. त्यावर विळावाल्यानं पुरातला त्याचा प्लास्टिकचा कागद कसा बांधला होता ते सांगितलं, चारी कोपऱ्यांत खडा गुंडाळून दोरी कशी आवळायची ते. ती म्हणाली, तसं नको, फाटतो. खड्याऐवजी चिंधीचा बोळा घालायचा. पंधरा मिनिटं वर्गात कागद बांधायच्या पद्धतीवर चर्चा चालली. शेवटच्या तासाला एक तिसरा दोरा आला, पिवळा, बीड ते आमचं गाव. जगाच्या नकाशावर तो बोटभरसुद्धा झाला नाही. मुलांनी तो दुहेरी करून लावला, दिसावा म्हणून.

फेब्रुवारीत दहावीची बोर्डाची परीक्षा. आमच्या वर्गात नंबर आले, म्हणून भिंती मोकळ्या करायचा हुकूम आला. नकाशा काढावा लागला. बोर्डाच्या पेपरात निर्वासितांचं काही नसतं, तरी नियम तो नियम. टाचण्या काढायला त्या बीडच्या मुलीला बोलवायला मी एका पोराला पाठवलं, कारण पिवळा दोरा तिनंच बांधला होता. पोरगं परत आलं. माळ मोकळा आहे म्हणाला. कारखान्याचं गाळप यंदा लवकर आटोपलं, टोळी परवाच रात्री गेली.

दोरे काढून रिळाला गुंडाळताना मी नकाशाकडं बघितलं. आमच्या गावाच्या टाचणीला आम्ही गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावली होती. दुसऱ्या टोकाला नुसतं 'बीड'. बीड जिल्हा केवढा. गेवराई, की धारूर, की वडवणी, की कुठलं वस्तीवरचं गाव, कुणीच विचारलं नव्हतं. हजेरीपटावर नाव नाही, त्यामुळं पत्ताही नाही. मुकादमाचा नंबर सरांकडं असेल म्हणून विचारायला गेले. सर म्हणाले, कारखान्याच्या शेती ऑफिसात मिळंल, पण आता ती माणसं पुढच्या दिवाळीनंतर.